ईएफआय आउटबोर्ड सकाळी पहिल्यांदा लवकर स्टार्टच होत नाही, सेल्फ खूप वेळ मारावा लागतो

देवबागकर
नमस्कार मंडळी. आमची फायबरची बोट आहे, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक फ्युएल इंजेक्शनचं (ईएफआय) आउटबोर्ड मशीन. २०१९ ला नवीन घेतलं, आता साडेसातशेच्या आसपास तास झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मशीन तसं चांगलं चाललंय आजवर. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली होती, सप्टेंबरात पाण्यात टाकली आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झालाय. सकाळी पहिल्यांदा चावी मारली की सेल्फ फिरतो फिरतो फिरतो, पेटत नाही. तीन-चारदा मारलं की मग एकदम पेटतं आणि नंतर दिवसभर काही नाही, चावी लावली की पहिल्या झटक्यात चालू. सगळे झटके धरून बारा-पंधरा सेकंद तरी सेल्फ फिरतो. पावसाळ्याआधी दोन सेकंदांत व्हायचं.

प्लग नवीन टाकले, फिल्टर नवीन टाकला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं. काही फरक नाही. एका गॅरेजवाल्याला दाखवलं तर त्याने टोप उघडून दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला कॉम्प्युटर गेलाय, बदलावा लागेल, खर्च पन्नास हजारांच्या वर. लाइट लागत नाही, बझर वाजत नाही, मग कॉम्प्युटर गेला हे याला कसं कळलं ते मला समजलं नाही.

आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे. आणि खरी भीती वेगळीच आहे. आम्ही डॉल्फिन दाखवायला कर्लीच्या मुखातून बाहेर पडतो, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे लाटा फुटतात. तिथे मशीन बंद पडलं आणि परत चालू व्हायला पंधरा सेकंद लागले तर बोट आडवी होते. बोटीत लहान मुलं असतात. म्हणून कुणाला अनुभव असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

ग्रीसवाला
कॉम्प्युटरला हात लावू नका. पंचवीस वर्षं आउटबोर्डच करतोय, ईसीयू म्हणजे हा कॉम्प्युटर खराब झालेली मशीन मी हाताच्या बोटावर मोजता येतील एवढीच बघितली आहेत आणि त्यातल्या अर्ध्या तरी पाणी शिरून गेलेल्या. दिवसभर पहिल्या झटक्यात चालू होणाऱ्या मशीनचा कॉम्प्युटर फक्त सकाळी कसा खराब असेल, तुम्हीच विचार करा.

आधी पेट्रोल कुठून कुठे जातं ते डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जाईल. टाकीतून पायपातल्या रबरी फुग्यात, तिथून फिल्टर, तिथून मशीनवरचा लहान पंप जो कॅमवर चालतो आणि ज्याच्या आत रबरी पडदा असतो त्याला आम्ही लिफ्ट पंप म्हणतो. हा पंप पेट्रोल ओढून एका छोट्या डब्यात टाकतो, त्याला व्हीएसटी म्हणतात, व्हेपर सेपरेटर टँक. कार्ब्युरेटरच्या वाटीसारखंच असतं ते, आत तरंगणारा फ्लोट आणि पेट्रोलचं तोंड बंद करणारी निडल. त्या डब्यातच दुसरा इलेक्ट्रिक पंप असतो, तो पेट्रोलला तीन बारच्या आसपास प्रेशर देतो आणि मग रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी, मग इंजेक्टर. चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते ना, तोच हा पंप.

म्हणजे व्हीएसटी रिकामा असेल तर आतला इलेक्ट्रिक पंप हवाच ढवळत बसतो. आणि लिफ्ट पंप मशीन फिरल्याशिवाय चालत नाही, म्हणून सेल्फ मारून मारून तो डबा भरावा लागतो. तुमचं लक्षण मला त्यातलंच वाटतंय. पण नुसतं वाटून उपयोग नाही.

एवढं सांगा:
चावी ऑन केल्यावर गुणगुण येते का?
चावी मारायच्या आधी फुगा कडक असतो की मऊ?
पेट न घेतल्यावर लगेच एक प्लग काढला तर ओला की कोरडा?

तिसरं सर्वांत महत्त्वाचं आहे. ओला प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त होतंय. कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. निम्मी शोधाशोध इथेच वाचते.

आणि सेल्फ एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. सोडा, दहा सेकंद थांबा, मग परत. सेल्फची मोटर जळाली तर आणखी एक खर्च.

रेवदंडा_फिशिंग
हे सगळं ई२० मुळे होतंय. पूर्वी कुठे असले त्रास होते? इथेनॉल पाणी ओढतं, रबर खातं. पेट्रोल चांगलं मिळालं तर मशीनला काही होत नाही.

ग्रीसवाला
पूर्ण चूक नाही तुमचं. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं आणि आता पंपावर २० टक्क्यांचंच मिळतं. आपल्या टाक्यांना व्हेंट असतो, खारी दमट हवा आत जाते, इथेनॉल ते पाणी धरून ठेवतं आणि प्रमाण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर बसतो, जिथून आपला पाइप ओढतो नेमका तिथेच. त्यामुळे पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवूच नये. पण देवबागकरांनी जुनं काढून नवीन भरलंय, आणि खराब पेट्रोल असतं तर मशीन दिवसभर अडखळलं असतं. सगळं इथेनॉलवर ढकललं की खरा दोष शोधायचा राहून जातो.

तांडेल६२
माका एक सांगा, रात्री मशीन वर उचलून ठेवतास की पाण्यात खाली?

देवबागकर
तांडेलकाका, वर उचलून. सुकतीला आमच्याकडे बोट वाळूवर बसते, खाली ठेवलं तर पंखा वाळूत रुततो. पूर्वीपासून असंच ठेवतो.

ग्रीसवाला दादा, आज सकाळी बघितलं. गुणगुण येते, साधारण तीन सेकंद. पण आवाज वेगळा वाटतो, संध्याकाळी जाडसर येतो आणि सकाळी पातळ, चिरका. फुगा एकदम मऊ, दाबला तर दोन्ही बाजू आत एकमेकींना चिकटतात. प्लग काढला, कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही.

तांडेल६२
मग तुमचा पेट्रोल रात्री परत टाकयेत जाता. आमच्या भाच्याच्या मशीनचा असांच होता. ह्या मशीनात काय काय असता ता माका कळणा नाय, पण रातभर वर उचललेला मशीन सकाळी तहानलेला असता, ह्या मी बघितलंय.

ग्रीसवाला
काकांनी नेमकं बोट ठेवलं. पातळ चिरका आवाज म्हणजे पंप कोरडा फिरतोय, कान चांगला आहे तुमचा.

आता तीन सकाळी तीन गोष्टी करा. एका सकाळी एकच. सगळं एकदम केलंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिल्या सकाळी फुग्याला हात लावू नका, फक्त चावी ऑन करा, गुणगुण थांबली की ऑफ, असं तीनदा. मग सेल्फ मारा. याने लगेच पेटलं तर व्हीएसटीत पेट्रोल आहे पण रेलमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय. मग पंपाचा चेक वॉल्व, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर बघायचा.

दुसऱ्या सकाळी फुगा दाबून कडक करा. फुग्यावर बाण असतो तो वर करून फुगा उभा धरून दाबा, आडवा धरून दाबला तर आतले वॉल्व नीट बसत नाहीत आणि माणूस उगाच पन्नासदा दाबत बसतो. कडक झाला की चावी. याने लगेच पेटलं तर डबा रिकामा होता.

तिसऱ्या रात्री भरतीचं गणित बघून कुठेतरी खोल पाण्यात बोट लावा आणि मशीन खाली ठेवा. सकाळी काही न करता सेल्फ मारा.

प्रत्येक वेळी सेकंद मोजा, मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर उत्तम.

वेंगुर्ल्याची_पोर
मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, घरी दोन बोटी आहेत म्हणून लिहितेय. पेट्रोलचं सगळं बरोबर आहे पण सेल्फ मारताना व्होल्टेज किती राहतं ते कुणीच विचारलं नाही. कार्ब्युरेटरच्या मशीनला बॅटरी अशक्त असली तरी दोरी ओढून चालवता यायचं. इंजेक्शनच्या मशीनला कॉम्प्युटर जागा राहायला, पंप फिरायला, इंजेक्टर उघडायला, सगळ्यालाच करंट लागतो आणि सेल्फ मारताना तो सगळा सेल्फच खाऊन टाकतो. व्होल्टेज नऊ-साडेनऊच्या खाली गेलं की पंप हळू, ठिणगी बारीक, आणि कधी कधी कॉम्प्युटर रीसेट होऊन परत पहिल्यापासून सुरुवात करतो.

आणि फक्त बॅटरीवर मोजू नका. बॅटरी १२.६ दाखवते म्हणून लोक खूश होतात. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खांबाला लावा, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, रंगावर नको. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. त्याच्या वर जितकं येईल तितकं तुमच्या केबलमध्ये वाया जातंय.

देवबागकर
मीटर आहे. निगेटिव्हची वायर बाहेरून तर काळी चांगली दिसते.

वेंगुर्ल्याची_पोर
बाहेरून दिसणाऱ्यावर जाऊ नका दादा. थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीच्या, मागे जिथे इन्सुलेशन संपतं तिथे वाकवून बघा. कडक लागलं किंवा आत करकर झालं तर आतलं तांबं हिरवं पावडर झालंय समजा. खारं पाणी वायरीच्या आतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं.

तापोळा_बोटिंग
आमचा अनुभव थोडा वेगळा म्हणून टाकतो, कुणाच्या उपयोगी पडेल. शिवसागर जलाशयात स्पीडबोट चालवतो, गोडं पाणी, त्यामुळे गंजाचा त्रास तुमच्यासारखा नाही. मागच्या डिसेंबरात आमचं मशीन उलटं वागायचं. सकाळी थंडीत बरं चालू व्हायचं आणि दुपारी एक फेरी मारून आलो, प्रवासी उतरले चढले, दहा मिनिटांनी परत चावी मारली की सेल्फ घरघर. प्लग काढले तर काळे आणि ओले, पेट्रोलचा वास नाकात जायचा. आम्ही इंजेक्टर साफ करून घेतले, काही नाही.

शेवटी निघाला टेंपरेचर सेन्सर. म्हणजे सेन्सरही नाही, त्याचा कनेक्टर. पिनवर काळपट थर बसला होता. हा सेन्सर थंडीत रेझिस्टन्स जास्त दाखवतो आणि गरम झाल्यावर कमी. थराने रेझिस्टन्स वाढला, कॉम्प्युटरला वाटलं मशीन अजून गारठलेलं आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल टाकत राहिला. सकाळी खरंच थंड असायचं म्हणून खपून जायचं. स्प्रे मारून ब्रशने पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, त्या दिवसापासून ठीक. कॉम्प्युटरने बिघाडाचा कोडसुद्धा टाकला नव्हता कारण त्याच्या हिशोबाने ते तापमान शक्य होतं.

देवबागकर, तुमचा प्लग कोरडा आहे म्हणजे तुमची केस ही नाही. पण कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला असं कुणी धरू नये.

सिकेरीचा_नाखवा
आमकां पण असाच त्रास, पण दुपारीच. गोव्यात सिकेरीहून फेऱ्या मारतो. मेच्या उन्हात मशीन बंद करून वीस मिनिटं थांबलो की परत चालू व्हायला लई वेळ. प्लग कोरडे. तासाभराने आपोआप ठीक. हे काय?

दूरदेशी
नाखवा, तुमचं ते उष्णतेचं दुखणं. मी ऑकलंडला असतो, इथे उन्हाळा तुमच्याइतका कडक नाही तरी हे बघितलंय. मशीन चालू असताना पाणी फिरत असतं म्हणून सगळं थंड राहतं. बंद केलं की पाणी थांबतं आणि ब्लॉकमधली उष्णता टोपाखाली कोंडते, पहिली वीस-तीस मिनिटं टोपाखालचं तापमान उलट वाढतंच. व्हीएसटीतलं पेट्रोल वाफाळतं, पंपात वाफ अडकते, प्रेशर होत नाही.

चार गोष्टी करून बघा. बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं न्यूट्रलला हळू चालू ठेवा. बंद केल्यावर टोप मोकळा करून ठेवा, वारा लागू दे, पण प्रवासी चढायच्या आधी आणि चावी मारायच्या आधी परत नीट बसवा. चालू करायच्या आधी फुगा कडक करा म्हणजे गार पेट्रोल डब्यात ढकललं जाईल. आणि चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ. काही मशीनमध्ये व्हीएसटीभोवती पाणी खेळवून तो थंड ठेवायची सोय असते, तिच्या बारीक नळ्या मिठाने बुजतात. गोड्या पाण्याने फ्लश करताय ना रोज?

सिकेरीचा_नाखवा
रोज नाही होत खरं सांगायचं तर. नळ्या बघतो.

देवबागकर
तीन दिवस गेले, आता सविस्तर लिहितो.

पहिली सकाळ, चावी तीनदा ऑन-ऑफ, फुग्याला हात नाही. सेल्फ एकूण चौदा सेकंद. म्हणजे फरक शून्य.

दुसरी सकाळ, फुगा उभा धरून दाबला. अठरा वेळा दाबल्यावर कडक झाला, हे मला आधी माहीतच नव्हतं की एवढं जातं त्यात. मग चावी, गुणगुण जाडसर आली. सेल्फ चार सेकंद आणि पेटलं!

तिसरी रात्र, चुलतभावाच्या जेटीला खोल पाण्यात लावली, मशीन खाली. सकाळी काही न करता थेट सेल्फ. पाच सेकंदांत चालू. मी आणि वडील दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वडील चाळीस वर्षं दर्यात आहेत, त्यांचं म्हणणं होतं थ्रॉटल दोनदा पुढे मागे कर म्हणजे पेट्रोल जाईल, जुन्या मशीनला तसं करायचे. मी सांगितलं की ह्यात तसा पंप नाही, थ्रॉटल हलवून फक्त हवा जाते. त्यांना पटलं नव्हतं, आज पटलं.

मग वेंगुर्ल्याच्या ताईंनी सांगितलेलं पण मोजलं. आमच्या मशीनला किल स्विचची लाल दोरी काढली तरी सेल्फ फिरतो पण पेटत नाही, म्हणून दोरी काढून भावाला चावी मारायला सांगितली. बॅटरीवर सेल्फ फिरताना १०.९. सेल्फच्या बोल्टपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजलं तर ९.१. निगेटिव्ह ते ब्लॉक १.४! वायर वाकवून बघितली, थिंबलच्या मागे खरंच करकर वाजली. ब्लेडने इन्सुलेशन चिरलं तर आत तांबं नव्हतंच, शेवाळासारखं हिरवं काहीतरी होतं, चार-सहा तारा धरून होत्या फक्त.

वेंगुर्ल्याची_पोर
१.४ म्हणजे फार झालं. ती केबल पूर्ण बदला, नुसता थिंबल बदलून चालणार नाही कारण हिरवेपणा आतपर्यंत गेला असेल. टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर घ्या, कापली की आतून चांदीसारखी दिसते ती. तेवढीच किंवा एक नंबर जाड. थिंबल हातोडीने ठोकू नका, क्रिंपिंगच्या पान्याने दाबून घ्या आणि वरून आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब. बॅटरीच्या खांबावर फुलपाखरू नट असेल तर काढून साधा नट आणि स्प्रिंग वायसर लावा, फुलपाखरू नट लाटांच्या हादऱ्याने सैल होतो.

ग्रीसवाला
आता चित्र जवळजवळ स्पष्ट आहे. दोन दुखणी एकत्र आलीत. रात्री मशीन उचललं की डबा रिकामा होतो, आणि सकाळी अशक्त सेल्फ तो डबा लवकर भरू शकत नाही. एकेकटं असतं तर तुम्हाला कदाचित जाणवलंही नसतं.

डबा रिकामा कसा होतो ते सांगतो. मशीन सरळ असताना पेट्रोल आत यायचं तोंड डब्यात वरच्या बाजूला असतं, पेट्रोलच्या पातळीच्या वर. त्यामुळे निडल थोडी गळकी असली तरी पेट्रोल मागे जाऊ शकत नाही. मशीन आडवं केलं की तेच तोंड पेट्रोलखाली जातं आणि फ्लोटही निडलला नीट दाबत नाही. टाकी बोटीच्या तळाला, मशीन तिच्या वर. मग पेट्रोल उतरायला लागतं. वाटेत तीन दरवाजे आहेत, निडल, लिफ्ट पंपाच्या आतल्या पाकळ्या आणि फुग्यातला वॉल्व. एक जरी दरवाजा घट्ट बंद असेल तर पेट्रोल जागेवर राहतं. तुमचे तिन्ही थोडे थोडे किलकिले आहेत असा माझा अंदाज आहे.

खात्री करायची तर व्हीएसटीच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो. संध्याकाळी आल्यावर मशीन गार झालं की त्यातून पेट्रोल काचेच्या ग्लासात काढा आणि बघा किती येतं. मग फुग्याने डबा परत भरा, मशीन नेहमीसारखं उचला, सकाळी खाली करून परत काढा. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा, टोप उघडून दहा मिनिटं वारा लागू द्या, आजूबाजूला कुणी विडी ओढत नाही ना बघा. पेट्रोलची वाफ जड असते, ती बोटीच्या तळाला साचते, वाऱ्याने आपोआप जात नाही.

काचेचा ग्लास यासाठी की पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल.

देवबागकर
संध्याकाळी चहाचा एक ग्लास पूर्ण भरला आणि दुसरा अर्ध्याच्या वर गेला. सकाळी तोच स्क्रू उघडला तर ग्लासच्या तळाला जेमतेम बोटभर. पाणी नव्हतं पण रंग चहासारखा आणि तळाला बारीक काळे कण.

ग्रीसवाला
झालं. आता उघडा. पावसाळ्यात डब्यात पेट्रोल तसंच राहिलं होतं ना? टाकी रिकामी केलीत पण व्हीएसटी केला नव्हता?

देवबागकर
नव्हता केला. मला माहीतच नव्हतं तिथे डबा आहे म्हणून.

ग्रीसवाला
बहुतेकांना नसतं. हाच तो गुन्हेगार. तीन महिने तेवढंसं पेट्रोल सुकून त्याची व्हार्निशसारखी साय होते. उघडताना गॅस्केट आणि निडलचा किट आधी आणून ठेवा, जुनी गॅस्केट परत बसत नाही, फुगलेली असते. आणि रेलमधलं प्रेशर आधी सोडा, नाहीतर डोळ्यात उडेल. फडकं धरूनच.

देवबागकर
काल रविवारी फेऱ्या बंद ठेवल्या आणि उघडला. भाऊ मोबाइलचा टॉर्च धरून होता. डब्याच्या आतल्या भिंतीवर तपकिरी चिकट थर, नखाने खरवडला तर मधासारखा तार येत होता. पंपाच्या तोंडाला बोटाच्या पेराएवढी जाळी असते, तिचा निम्मा भाग बुजलेला. आणि निडल काढली. तिचं काळं रबरी टोक असतं त्यावर गोल खाच पडलेली, एका बाजूला जास्त खोल, आणि त्या खाचेत वाळूचा एक कण रुतून बसलेला. भिंगातून बघितला. एवढ्याशा कणाने मला महिनाभर झोप दिली नव्हती.

नवीन निडल, गॅस्केट, जाळी टाकली. डबा कार्ब क्लीनरने धुऊन हवा मारली. फुगा काढून तोंडाने फुंकून बघितला तर बाणाच्या उलट्या दिशेनेही हवा जात होती, म्हणजे वॉल्व गेलेलाच. नवीन आणला. लिफ्ट पंप अजून बदललेला नाही, दादा म्हणाले आधी बघू. निगेटिव्ह केबल नवीन, टिनवाली.

आता व्होल्टेज सेल्फवर १०.५. निगेटिव्ह ते ब्लॉक ०.१.

रेवदंडा_फिशिंग
अभिनंदन भाऊ. फुगा कुठला घेतला? मी मागे स्वस्तातला घेतला, सहा महिन्यांत चिकट झाला आणि आतला पाइपही आतून सोलला गेला, बाहेरून एकदम नवा दिसायचा. मशीन ओढायला लागलं की आतलं अस्तर आत दबून पेट्रोल बंद.

देवबागकर
ह्यावेळी मशीन कंपनीचाच घेतला, पाइपसकट. चौपट पैसे गेले पण बाजारातला परत घ्यायची हिंमत नव्हती. टोकाच्या कनेक्टरच्या ओ रिंगही बदलल्या.

दूरदेशी
पुढच्या पावसाळ्याआधी शेवटच्या दिवशी पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल, मग व्हीएसटी ड्रेन करा. किनाऱ्यावर चालवताना पाण्याचं कनेक्शन लावल्याशिवाय एक सेकंदही नको, इंपेलर कोरडा फिरून जळतो. इथे आम्ही हिवाळ्याआधी हेच करतो.

देवबागकर
आठ दिवस झाले म्हणून लिहितोय. रोज रात्री मशीन नेहमीसारखं वर, वाळूवर. रोज सकाळी फुग्याला हात न लावता चावी. पहिल्या दिवशी दोन सेकंद. दुसऱ्या दिवशी दोन. काल अडीच, आज परत दोन. फुगा सकाळी पूर्ण कडक नसतो पण दाबला तर प्रतिकार करतो, ग्रीसवाला दादा हे ठीक आहे ना?

ग्रीसवाला
अगदी ठीक. रात्री गारव्याने पेट्रोल आकसतं, तेवढा मऊ होतोच. वेळ तीन-चार सेकंदांवर जायला लागली तर लिफ्ट पंप बघू, तोवर उघडू नका. जुनी निडल टाकून देऊ नका, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला तिचा फोटो टाका इथे, खाच दिसेल असा.

देवबागकर
टाकतो संध्याकाळी. आज सकाळी मुखातून बाहेर पडताना वडिलांनी शांत पाण्यात मुद्दाम मशीन बंद केलं, एक श्वास घेतला आणि चावी मारली. लगेच पेटलं. काही बोलले नाहीत, फक्त बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं.

तांडेल६२
बरा झाला. तुमच्या वडलांका माझो नमस्कार सांगा.